दूरच्या संगणकाची मंद गती : मावळातून केलेला एक अभ्यास

भूगोल म्हणजे अंतराचा अभ्यास, असे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकविले जाते. परंतु अंतर कशाने मोजावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. लोहमार्गाने लोणावळ्याहून पुणे ६४ किलोमीटर आणि मुंबई १२८ किलोमीटर. पण मावळातल्या माणसाला पुणे किती लांब आहे असे विचारा, तो किलोमीटर सांगणार नाही. तो म्हणेल, "लोकल वेळेवर असली तर दीड तास." रोजच्या व्यवहारात आपण अंतर वेळेने मोजतो, आणि ते योग्यच आहे. आज मावळातील अनेक मुले-मुली घरी बसून पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतील संगणकांवर काम करतात. त्यांच्या बाबतीत तर किलोमीटर जवळजवळ निरर्थक ठरतात. उरते ती केवळ वेळ, आणि तीही सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात.

इंटरनेटवरून चालविलेला दूरचा संगणक मंद का होतो, आणि दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कलाशाखेच्या वार्षिकात हा यंत्राचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या मंदपणाची किंमत कोणीतरी पैशांत मोजत असतो, आणि दोष बहुधा त्याच्याच बोटांना दिला जातो. शिवाय दोष शोधण्याची ही पद्धत यंत्रशास्त्राची थोडी आणि तर्कशास्त्राची अधिक आहे. एकेक शक्यता वेगळी काढावयाची, ती मोजावयाची आणि मगच निष्कर्ष काढावयाचा, एवढीच ती पद्धत आहे.

दूरचा संगणक म्हणजे काय

आपल्यापुढे पडदा आणि कळफलक असतो. पण कार्यक्रम चालतो तो दुसऱ्या गावच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर. आपण कळ दाबली की तेवढी वार्ता सर्व्हरकडे जाते. सर्व्हर ते अक्षर आपल्या स्मृतीत उमटवितो आणि पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढ्याचे चित्र आपल्याकडे परत पाठवितो. म्हणजे आपल्या पडद्यावर दिसणारे अक्षर हे आपल्या संगणकाने लिहिलेले नसते. ते जाऊन आलेले असते. या व्यवस्थेला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली, तेव्हापासून ही सोय त्या घराण्यात रुळली. एका सर्व्हरवर अनेक माणसे एकाच वेळी काम करू शकतात, आणि कचेरीचे हिशेब कचेरीतच राहतात. म्हणून छोट्या कचेऱ्यांनाही ती सोयीची वाटते.

कल्पना मोठी नवी आहे असेही नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून १९१५ पासून टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. चाक मुंबईत फिरे आणि त्यामागची शक्ती घाटमाथ्यावर साठलेली असे. दूरच्या संगणकाचेही तसेच आहे. फरक एवढाच की, वीज एका दिशेने वाहिली की काम भागते. येथे मात्र प्रत्येक कळीमागे जाणे आणि येणे, असा दुहेरी प्रवास घडतो. सगळी मेख या दुहेरी प्रवासात आहे.

रुंदी आणि विलंब

संगणक हळू चालू लागला की बहुतेक लोक पहिली गोष्ट कोणती करतात? अधिक वेगाची, अधिक पैशांची जोडणी घेतात. ४० मेगाबिटची १०० होते, आणि संगणक होता तसाच रेंगाळत राहतो. याचे कारण असे की, आपण ज्याला इंटरनेटचा वेग म्हणतो तो खरोखर वेग नव्हे. ती मार्गाची रुंदी आहे. एका सेकंदात किती माल जाऊ शकतो ते ती सांगते; एक पत्र जाऊन त्याचे उत्तर यावयास किती वेळ लागतो ते सांगत नाही. या दुसऱ्या गोष्टीस विलंब म्हणावे.

हा भेद आपल्या बोरघाटाइतका स्पष्ट दुसरे कोणी शिकवू शकणार नाही. १८६३ मध्ये घाटातून लोहमार्ग सुरू झाला. ३७ फुटांना १ फूट असा तेथे चढ होता. खंडाळ्याजवळ तर जागा अशी अडचणीची की, गाडी एका कड्याशी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकास लावावे लागे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढे निघे. या ठिकाणास रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. १९२९ च्या सुमारास नवे बोगदे काढून मार्ग बदलला, तेव्हा हा थांबा गेला. आता विचार करा. त्या काळी गाडीला आणखी दहा डबे जोडले असते तर मुंबईचा माणूस पुण्यास लवकर पोचला असता काय? माणसे अधिक आली असती, पण एकही माणूस लवकर आला नसता. डबे वाढविणे म्हणजे रुंदी वाढविणे. थांबा काढणे म्हणजे विलंब कमी करणे. २००२ मध्ये पूर्ण झालेला सहा पदरी द्रुतगती मार्ग याचा दुसरा दाखला होय. रविवारी संध्याकाळी अमृतांजन पुलाच्या परिसरात अडकलेल्या मोटारवाल्यास पदर किती आहेत याचा काय उपयोग होतो, हे लोणावळेकरांस सांगावयास नको.

दूरच्या संगणकावर मजकूर लिहिणाऱ्याला रुंदी फार लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनानुसार हलक्या कामास सेकंदाला दीड मेगाबिट आणि मध्यम कामास तीन मेगाबिट पुरतात. विलंब मात्र जाऊन-येऊन १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी अपेक्षा धरली जाते. त्यापलीकडे गेले की बोट पुढे आणि अक्षर मागे, असा खेळ सुरू होतो.

अंतराचा हिशेब

आता भूगोलाच्या विद्यार्थ्यास साजेसा एक हिशेब करू. काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून, प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. लोणावळा ते पुणे ६४ किलोमीटर, जाऊन-येऊन १२८. त्यास लागणारा वेळ दोन-तृतीयांश मिलिसेकंदाहूनही कमी. समजा, जोडणी सरळ पुण्यास न जाता आधी मुंबईस जाते आणि तेथून उलटी पुण्यास येते. असे खरोखर घडते, कारण अनेक कंपन्यांची देवघेवीची ठिकाणे मुंबईत आहेत. तरी एका बाजूचे अंतर १२८ अधिक १९२, म्हणजे ३२० किलोमीटर झाले, जाऊन-येऊन ६४०. वेळ किती? ३.२ मिलिसेकंद. एवढा वळसा घेऊनही डोळ्याला काही जाणवू नये इतकाच वेळ लागतो.

म्हणजे मावळातून पुण्याच्या सर्व्हरला जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील, तर त्यांपैकी तीन-चारच अंतराचे. उरलेले सगळे थांब्यांचे, रांगांचे आणि अडथळ्यांचे आहेत. माझ्या या सगळ्या अभ्यासाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते हेच: दूरच्या संगणकाचे अंतर किलोमीटरात नसते, ते वाटेतल्या थांब्यांत असते, आणि थांबा शोधून काढता येतो.

अर्थात सर्व्हर परदेशी असेल तर गोष्ट वेगळी. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन प्रकाशालाच १२५ मिलिसेकंद लागतात, आणि समुद्रातील केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात पुष्कळ अधिक. भूस्थिर उपग्रहाची कथा तर त्याहून दूरची. तो विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर-खाली आणि उत्तर पुन्हा वर-खाली, असे चार प्रवास झाले की पावणेपाचशे मिलिसेकंदांहून थोडे अधिकच होतात. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. उपग्रहामार्गे परदेशी टेलिफोन करणारांस बोलणे आणि उत्तर यांच्यामधली जी रिकामी जागा जाणवे, ती याच हिशेबाची होती. या अंतरापुढे कोणतीही युक्ती चालत नाही. तेथे उपाय एकच, सर्व्हर जवळ आणणे. आता मोठ्या कंपन्यांची संगणक-केंद्रे मुंबईत आणि पुण्यातही असल्याने तो अशक्य राहिलेला नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की माझा सर्व्हर प्रत्यक्षात कोठे आहे? कचेरी पुण्यात आहे म्हणून सर्व्हरही पुण्यात असेलच असे नाही.

एक घरगुती उदाहरण

हा अभ्यास मला पुस्तकातून सुचला नाही. माझी थोरली बहीण लग्नानंतर मळवली भागात राहते. मूल लहान असल्याने ती घरूनच पुण्यातील एका कचेरीच्या हिशेबाच्या नोंदी दूरच्या संगणकावर करते. मोबदला नोंदींच्या संख्येवर मिळतो. गेल्या पावसाळ्यात तिच्या नोंदी घटू लागल्या. कचेरीतून निरोप आला, "ताई, तुमचा हात अजून बसलेला दिसत नाही. महिनाभर पाहू, नाहीतर दुसरी सोय करावी लागेल." ताईचा मराठी आणि इंग्रजी दोन्ही टंकलेखनाचा सराव जुना. ती मला म्हणाली, "तू भूगोलवाला ना? मग माझं हे अंतर मोजून दे."

मी सुट्टीत तिच्याकडे जाऊन राहिलो आणि आम्ही एक वही केली. तीत पाच रकाने आखले: तारीख, वेळ, राउटरपर्यंतचा विलंब, सर्व्हरपर्यंतचा विलंब आणि त्या वेळी पडद्याची स्थिती. सकाळी ९ पासून रात्री ९ पर्यंत दर अर्ध्या तासाने नोंद घ्यावयाची, असा नियम ठेवला. साधन एकच, पिंग. ही प्रत्येक संगणकात असलेली साधी आज्ञा आहे. ती एक छोटे पाकीट पाठविते आणि उत्तर येण्यास किती मिलिसेकंद लागले ते सांगते. राउटरला पिंग केले की घरातले अंतर कळते. सर्व्हरला पिंग केले की पूर्ण अंतर कळते. दोहोंतील वजाबाकी म्हणजे बाहेरची वाट. काही कचेऱ्या सुरक्षिततेसाठी पिंगला उत्तर देत नाहीत. तेव्हा रिमोट डेस्कटॉपच्या वरच्या पट्टीवर सिग्नलचे जे छोटे खांब दिसतात, त्यांवर टिचकी मारावी. नव्या आवृत्त्यांत तेथेच विलंबाचा आकडा मिळतो.

आठ दिवसांत वहीतून तीन निरनिराळे आजार बाहेर आले. बाहेरून तिन्हींचे लक्षण एकच होते, पडदा अडखळतो. पण कारणे तीन, आणि ती तीन निरनिराळ्या ठिकाणी होती.

पहिला थांबा : घर

ताईचे काम मागच्या खोलीत चाले आणि राउटर पुढच्या ओटीवर. मध्ये जुन्या दगडी बांधकामाच्या दोन भिंती. राउटरजवळ बसून पिंग केले की २-३ मिलिसेकंद येत. मागच्या खोलीत तेच ५ वरून ३०० पर्यंत उड्या मारीत आणि मधूनमधून पाकीट हरवे. म्हणजे पुण्याच्या वाटेपेक्षा ओटी ते माजघर हे अंतर मोठे होते!

वायफायच्या दोन लहरी असतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीतून बरी जाते, पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे नरम. दगडी घरात दोहोंचा भरवसा नाही. आम्ही बाजारातून लांब तार आणून राउटरपासून थेट संगणकापर्यंत ओढली. मागच्या खोलीतही आकडा १-२ वर स्थिर झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सरासरी विलंबापेक्षा त्याची चंचलता आणि पाकिटांची गळती अधिक त्रास देते. रिमोट डेस्कटॉपची मूळ वाहतूक टीसीपी या नियमाने चालते. त्यात एक पाकीट हरवले की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पाकिटे खोळंबतात, जशी एक गाडी घाटात बंद पडली की मागच्या गाड्या कर्जतपर्यंत उभ्या राहतात. २०१२ मधील आवृत्तीपासून यूडीपी हा दुसरा मार्गही वापरता येतो. त्यात अशी खोळंबाखोळंबी कमी. कचेरीच्या संरक्षक भिंतीने तो मार्ग अडविलेला असला तर तो खुला करून मागण्यात लाभ आहे. कचेरीची जोडणी व्हीपीएनमधून असेल तर आणखी एक पाहावे. साधारण पाकिटाचे कमाल माप १५०० बाइट असते. व्हीपीएनचे वेष्टन चढले की ते मावत नाही आणि पाकिटे मोडतात किंवा गडप होतात. छोट्या नोंदी सुरळीत जातात आणि मोठा पडदा उघडताना मात्र सगळे थांबते, असे लक्षण असेल तर माप थोडे कमी करून पाहावे.

घरातलाच दुसरा प्रकार गमतीचा. एका सायंकाळी राउटरपर्यंतचा आकडा २, आणि सर्व्हरचा अचानक ४०० च्या वर. शोध घेता असे दिसले की, ताईचा धाकटा दीर भुशी धरणावर काढलेली चित्रफीत मित्रांना पाठवीत होता. घरातून बाहेर जाणारी वाट अरुंद. ती चित्रफितीने भरली की राउटर पाकिटांची लांबच लांब रांग लावतो, आणि ताईने दाबलेली इवलीशी कळ त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या मालाला जोडणीच्या क्षमतेहून थोडी कमी मर्यादा घातली, तेव्हा रांग लागणेच बंद झाले. दिराची चित्रफीत जराशी उशिरा गेली, एवढेच.

दुसरा थांबा : वाट

घर निर्दोष झाल्यावर वहीत दुसरी आकृती स्पष्ट झाली. सोमवार ते शुक्रवार सर्व्हरचा आकडा ४५ च्या आसपास; शनिवार-रविवारी दुपारपासून मात्र २०० ते ३५०. ताईकडे तेव्हा मोबाईलच्या मनोऱ्यावरून येणारी ४-जी जोडणी होती. पावसाळ्यातला शनिवार-रविवार म्हणजे मावळात काय असते हे सर्वांस ठाऊक आहे. कार्ले-भाजे, एकवीरेचा डोंगर, लोहगड, टायगर पॉइंट, जिकडे तिकडे माणसे आणि प्रत्येकाच्या हाती मोबाईल. मनोरा तोच; वाटेकरी मात्र कितीतरी पट. तेव्हा ताईच्या संगणकाचा वेग पर्यटनाच्या भूगोलावर अवलंबून होता, असे म्हणावयास हरकत नाही.

वाटेचा तपास करण्यासाठी ट्रेसर्ट नावाची आज्ञा आहे. पाकीट कोणकोणत्या थांब्यांवरून गेले आणि प्रत्येकापर्यंत किती वेळ लागला, हे ती क्रमाने सांगते. लोकलमध्ये मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी स्थानके मोजत जावे तसेच ते असते. ती वाचताना एक सावधगिरी बाळगावी. मधल्या एखाद्या थांब्यावर आकडा मोठा दिसला आणि पुढच्या थांब्यांवर पुन्हा लहान झाला, तर तेथे दोष नाही. त्या थांब्याने उत्तर देण्यास आळस केला, एवढेच. आकडा एका ठिकाणी चढला आणि शेवटपर्यंत चढलेलाच राहिला, तरच तेथे बोट ठेवावे. ताईच्या बाबतीत शनिवारी पहिल्याच बाहेरच्या थांब्यावर आकडा चढे आणि तसाच शेवटपर्यंत जाई. म्हणजे अडथळा मनोऱ्यापाशीच.

गावातील केबलवाल्याकडून फायबरची जोडणी घेतली आणि शनिवार हा मंगळवारासारखा झाला. आकडा २० च्या आत आला. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात. काचेच्या तंतूला त्याचे सोयरसुतक नाही. पण झाड पडून तार तुटणे आणि वीज जाणे हे चालूच राहते. म्हणून राउटरला लहान इन्व्हर्टर जोडला, आणि मोबाईलची जोडणी मोडीत न काढता राखीव ठेवली.

तिसरा थांबा : सर्व्हर

आता घर स्वच्छ, वाट स्वच्छ. तरीही रोज सकाळी ११ ते ११.३० या वेळात पडदा अडखळे. यादी उघडावयास तीन-चार सेकंद लागत. वही काढून पाहिली तर त्या वेळी सर्व्हरचा पिंग १८, १९, १८! सगळ्या अभ्यासातला मला महत्त्वाचा वाटलेला क्षण हा. पाकीट वेळेवर जाते आहे, वेळेवर येते आहे, आणि तरी अक्षर उमटत नाही. तेव्हा विलंब ना घरात, ना वाटेत, ना ताईच्या हातात. तो पलीकडे, सर्व्हरच्या पोटात होता.

पिंगचे उत्तर देणे सर्व्हरला सोपे असते. तापाने फणफणलेला माणूसही हाक मारली की "ओ" देतो. पण हिशेबाचा कार्यक्रम चालविण्यास त्याला प्रक्रियाशक्ती, स्मृती आणि डिस्क या तिन्हींची सवड लागते. तिन्हींपैकी एक जरी पूर्ण गुंतली तरी सगळी माणसे एकदम अडखळतात. म्हणून सर्व्हरवरील दोषाची खूण ठरलेली आहे: मंदपणा एकाच वेळी सर्वांना जाणवतो. ताईने दुसऱ्या दोन गावांतील सहकारी बायकांना विचारले. त्यांचाही अकराचा अनुभव तोच होता.

आम्ही वहीतील नोंदींची नीट प्रत काढून कचेरीस सविनय पत्र लिहिले. तक्रार केली नाही. केवळ आकडे मांडले आणि अकरा वाजता सर्व्हरवर काय चालते ते पाहावे, अशी विनंती केली. तेथील संगणकाचे काम पाहणाऱ्या गृहस्थांनी पाहिले. ११ वाजता सर्व फायलींची राखीव प्रत काढण्याचे काम सुरू होई आणि त्याच वेळी विषाणूशोधक प्रत्येक फाइल तपाशी. डिस्क शंभर टक्के गुंतलेली. शिवाय अनेकजण काम संपल्यावर साइन आउट न करता नुसती खिडकी बंद करीत. त्यांचे कार्यक्रम आत तसेच उघडे राहून स्मृती अडवून बसत. राखीव प्रतीचे काम रात्री दोनवर नेले आणि सोडून दिलेली कामे ठराविक वेळाने आपोआप बंद होतील अशी व्यवस्था केली. ज्यांच्या हाती सर्व्हर आहे त्यांना विंडोज सर्व्हर २०१९ पासून युझर इनपुट डिले नावाची मोजणीही मिळते. कळ सर्व्हरवर पोचल्यापासून कार्यक्रमाने ती उचलेपर्यंत किती वेळ गेला ते ती थेट दाखविते.

ताईच्या नोंदी पूर्ववत झाल्या. हात बसण्याचा प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही.

पडद्याचे ओझे आणि आपली देवनागरी

तिन्ही थांबे तपासल्यावर उरते ते ओझे कमी करणे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येकास ३२ बिट धरले तर एका पूर्ण चित्राचे ६६ मेगाबिट होतात. दीड मेगाबिटच्या वाटेने ते कच्चे पाठविले तर ४४ सेकंद लागतील. म्हणूनच ही व्यवस्था चित्र दाबून लहान करते, बदललेला भागच पाठविते आणि एकदा आलेली चित्रे जपून ठेवते. आपण तिला साहाय्य करावे. पार्श्वभूमीचे चित्र काढून टाकावे, खिडक्यांच्या हालत्या करामती बंद कराव्यात, पडदा गरजेपुरता लहान ठेवावा, चित्रे साठवून ठेवण्याची सोय चालू असावी आणि घरचा छपाईयंत्र व डिस्क जोडण्याची सोय नको असल्यास बंद करावी.

मराठीत काम करणारांनी मात्र एक अपवाद करावा. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची सोय बंद केली तर ओझे थोडे घटते. पण इंग्रजी अक्षर तेवढ्याने बिघडत नाही आणि आपले जोडाक्षर बिघडते. रफार कोणता, अनुस्वार कोणता, हे ओळखू येईना तर वाचलेला क्षण चुका दुरुस्त करण्यात जातो. "विद्यार्थ्यांच्या" हा एक शब्द इन्स्क्रिप्टने एकेक वर्ण दाबीत लिहिला तर १७ कळा लागतात. मधला पाय मोडला की नाही हे डोळ्याने पाहून पुढे जाणाऱ्यास विलंबाची झळ इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा अधिक बसते. जेथे पगार नोंदींच्या संख्येवर ठरतो तेथे हा भेद कचेऱ्यांनी ध्यानात घ्यावा, असे मला वाटते.

एक इशारा

गती वाढविण्याच्या नादात काहीजण मधले सगळे पहारे काढून सर्व्हरचे ३३८९ क्रमांकाचे द्वार थेट इंटरनेटवर उघडे ठेवतात. असे करू नये. जगभरातील यंत्रे अशी द्वारे शोधीत अहोरात्र फिरत असतात आणि परवलीचे शब्द लावून पाहतात. त्या ठोठावण्यानेही सर्व्हर मंद होतो. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचा दोष उघडकीस आला. जुन्या विंडोज आवृत्त्यांत परवलीचा शब्द नसतानाही त्यातून आत शिरता येत होते. म्हणून व्हीपीएन किंवा गेटवेचा पहारा ठेवावा; त्याने होणारे काही मिलिसेकंदांचे नुकसान सोसावे.

समारोप

सारांश, दूरचा संगणक मंद झाला तर पैसे खर्च करण्यापूर्वी वही उघडावी. आधी घर मोजावे, मग वाट, मग सर्व्हर. हा क्रम मोडू नये. कारण घर स्वच्छ असल्याखेरीज वाटेचा आकडा खरा नसतो, आणि वाट स्वच्छ असल्याखेरीज सर्व्हरकडे बोट दाखविता येत नाही. नोंद घेताना वेळ लिहावी. मंदपणा शनिवारी येतो की रोज अकराला येतो, यातच त्याचा पत्ता दडलेला असतो.

मावळ हा वाटेवरचा मुलूख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत दूरदूरच्या गावांहून आलेले लोक आहेत. घाटातून माल गेला, फौजा गेल्या, आगगाडी गेली, वीज गेली. आता मावळच्या मुलामुलींचे कष्ट काचेच्या तंतूतून रोज घाटाखाली आणि पुण्याकडे जातात. त्या कष्टांचे मोल ठरविणारा माणूस दूर बसलेला असतो. त्याला आपली बोटे दिसत नाहीत, दगडी भिंत दिसत नाही, एकवीरेची गर्दी दिसत नाही. त्याला फक्त दिवसाच्या नोंदींचा आकडा दिसतो. अशा वेळी आपल्या हाती आपलाही एक आकडा असावा. तो मिळविण्यास पदवी लागत नाही. पाच रकान्यांची वही आणि आठ दिवसांची चिकाटी पुरते.

(तृतीय वर्ष कला, भूगोल)